भाजीपाल्याचा वाढता पुरवठा आणि जिंतूरचा शेतकरी



भाजीपाला उत्पादनात आपला देश चीनच्या खालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे वाक्य आपण शेतकरी मेळाव्यात अनेकदा ऐकले असेल. ते खरेही आहे. परंतु ज्या शेतकऱ्याने टोमॅटोचे क्रेट परभणीच्या बाजारात नेले आणि हातात पडलेल्या पट्टीतून गाडीभाडेसुद्धा निघाले नाही, त्याला या दुसऱ्या क्रमांकाचे काय करावे हा प्रश्न पडतो. त्याच बाजारात दोन महिन्यांनी तीच भाजी गिऱ्हाइकाला पावशेराने घ्यावी लागते. पुरवठा वाढला असेल तर मग ही टंचाई कोठून येते?

देशातील भाजीपाल्याचा पुरवठा गेल्या तीस वर्षांत किती वाढला, कशाच्या जोरावर वाढला आणि एवढे होऊनही कोणत्या दिवसांत व कोणत्या भाज्यांची उणीव राहते, याचा विचार सदर लेखात केला आहे. जिंतूर तालुक्यात बहुतेक शेतकरी भाजीचे पीक निवडताना मागील वर्षी कशाला भाव मिळाला ते पाहतात. त्याऐवजी पुरवठ्यातील खड्डा कोठे आहे ते पाहून लागवडीची तारीख ठरवावी, असे सुचविण्याचा हेतू आहे.

माळव्यापासून बाजारापर्यंत

मराठवाड्यात भाजीपाल्याला माळवं म्हणतात. साधारणपणे १९७० पर्यंत हे माळवं विहिरीच्या पाटावर, कुंपणावर आणि मुख्य पिकाच्या ओळीत होत असे. हिवाळ्यात मोटेच्या पाण्यावर वांगी, मिरची, कांदा, लसूण, मेथी. पावसाळ्यात कुंपणावर दोडका, कारले, भोपळा. ज्वारी-कापसात अंबाडी, गवार, वाळूक. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात आषाढ-श्रावणात करटुली, तरोटा, घोळ या रानभाज्यांची भर पडे. उन्हाळ्यात मात्र सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, हरभऱ्याची वाळवलेली भाजी आणि बेसन यांवरच भागवावे लागे. म्हणजे पुरवठा पूर्णपणे ऋतूच्या हाती होता. त्यात विक्रीचा भाग थोडा असल्याने भाव पडण्याचे दुःख नव्हते. पण उन्हाळ्यात ताटात हिरवे काही नसणे ही सर्वांनी मान्य केलेली गोष्ट होती.

पुढे विहिरींवर विजेचे पंप आले, रस्ते झाले, शहरे वाढली आणि माळव्याचे व्यापारी पीक झाले. या बदलात सुधारित वाणांचा वाटा फार मोठा आहे. त्यातील एका पिकाची हकिकत आपल्या परभणीशी व शेजारच्या जालन्याशी निगडित आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे योग्य होईल. ते पीक म्हणजे भेंडी.

भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा विषाणू रोग येतो. शेतकरी त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. पांढरी माशी हा रोग पसरविते. एकदा झाड लहानपणी रोगात सापडले की फळे पिवळट, बारीक व राठ होतात आणि बाजारात कोणी हात लावत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने १९६० च्या सुमारास पुसा सावनी हे या रोगाला तोंड देणारे वाण दिले. जालना येथील बद्रीनारायण बारवाले यांनी याच पुसा सावनीचे बियाणे तयार करून विकण्यास सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना ही आज बियाण्यांची बाजारपेठ म्हणून देशभर ओळखली जाते. तिच्या मुळाशी भेंडीसारखी साधी भाजी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे काय झाले? पुसा सावनी देशभर पसरली आणि हळूहळू तिची रोगप्रतिकारशक्ती ढासळली. १९७० नंतर अनेक ठिकाणी पावसाळी भेंडी रोगामुळे हाती लागेनाशी झाली. त्या वेळी परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठात (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) डॉ. जांभळे व डॉ. नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी जातीचा पुसा सावनीशी संकर केला, पुढील पिढ्या पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकरित केल्या आणि रानटी जातीची रोगप्रतिकारशक्ती तेवढी खाण्याच्या भेंडीत आणली. त्यातून १९८५ मध्ये परभणी क्रांती हे वाण प्रसारित झाले. ज्या पावसाळी दिवसांत भेंडी मिळत नव्हती, त्या दिवसांत ती पुन्हा बाजारात दिसू लागली. वाणामुळे पुरवठा वाढतो असे आपण म्हणतो तेव्हा एकरी उत्पादन डोळ्यासमोर येते. येथे मात्र वाणाने एक हंगामच परत मिळवून दिला. कालांतराने परभणी क्रांतीवरही काही भागांत रोग दिसू लागला आणि नवीन वाण व संकर पुढे आले. विषाणू थांबत नाही, त्यामुळे संशोधनालाही थांबता येत नाही.

संकरित बियाण्यांची वाटही याच काळात रुंद झाली. बंगलोरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने १९७३ मध्ये टोमॅटो व ढोबळी मिरचीचे संकरित वाण बाजारात आणले होते. १९८८ च्या नवीन बियाणे धोरणामुळे परदेशी भाजीपाला बियाण्यांच्या आयातीस मोकळीक मिळाली आणि टोमॅटो, कोबी, फ्लॉवर या पिकांत संकरित वाणांचा प्रसार झपाट्याने झाला.

आकडे काय दाखवितात

देशातील भाजीपाल्याखालील क्षेत्र व उत्पादन पुढील तक्त्यात दिले आहे. यात बटाटा व कांदा धरलेला आहे.

तक्ता : भारतातील भाजीपाला (आकडे पूर्णांकांजवळ)

१९९१-९२ : क्षेत्र ५६ लाख हेक्टर, उत्पादन ५८५ लाख टन, हेक्टरी १०.५ टन
२००१-०२ : क्षेत्र ६२ लाख हेक्टर, उत्पादन ८८६ लाख टन, हेक्टरी १४.४ टन
२०१०-११ : क्षेत्र ८५ लाख हेक्टर, उत्पादन १,४६५ लाख टन, हेक्टरी १७.३ टन
२०२०-२१ : क्षेत्र १०९ लाख हेक्टर, उत्पादन २,००४ लाख टन, हेक्टरी १८.५ टन

एकोणतीस वर्षांत उत्पादन जवळपास साडेतीन पट झाले. २०१२-१३ मध्ये तर फळे, भाज्या, फुले व मसाले मिळून फलोत्पादन प्रथमच अन्नधान्याच्या पुढे गेले. अशा आकड्यांपाशी बहुतेक भाषणे थांबतात. आपण मात्र तक्ता आडवा न वाचता उभा वाचावा.

पहिल्या दहा वर्षांत क्षेत्र केवळ १० टक्क्यांनी वाढले, पण हेक्टरी उत्पादन ३७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे ही वाढ वाणांची, खतांची, पाण्याची, थोडक्यात शास्त्राची होती. पुढील दशकात उलटे झाले. क्षेत्र सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले व हेक्टरी उत्पादन २० टक्क्यांनी. त्यानंतरच्या दशकात क्षेत्रवाढ २८ टक्के आणि हेक्टरी वाढ फक्त ७ टक्के. याचा अर्थ असा की, अलीकडे पुरवठा वाढतो आहे तो मुख्यतः नवीन शेतकरी व नवीन जिल्हे भाजीपाल्याकडे वळल्यामुळे. आपण सोयाबीन किंवा कापसाच्या भावाला कंटाळून अर्धा एकर टोमॅटो लावतो, तेव्हा उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, मध्य प्रदेशापासून नाशिक-पुण्यापर्यंत असंख्य शेतकरी त्याच महिन्यात तोच विचार करीत असतात. १९९५ साली भाजी लावणारा शेतकरी गावात एखादाच असे. आज त्याची स्पर्धा साऱ्या देशाशी आहे, कारण ट्रक एका रात्रीत राज्याची सीमा ओलांडतो. जिंतूरला रेल्वे नाही. तरी बटाटा आग्रा-इंदूरकडून येऊन येथील हातगाडीवर स्वस्तात मिळतोच.

ताटात किती पडते

एकूण उत्पादनाला लोकसंख्येने भागून पाहू. १९९१ मध्ये देशाची लोकसंख्या ८४ कोटी ६४ लाख होती. त्या हिशेबाने दरडोई दररोज सुमारे १९० ग्रॅम भाजी पिकत होती. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२१ कोटी. तेव्हा हे प्रमाण ३३० ग्रॅम झाले. २०२०-२१ साठी लोकसंख्या अंदाजे १३७ कोटी धरली तर ते सुमारे ४०० ग्रॅमवर येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातही प्रौढ माणसासाठी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्यांचीच शिफारस आहे. कागदावर हिशेब जमला!

पण शेतात पिकलेले व ताटात पडलेले यांत अंतर असते. २०२०-२१ च्या उत्पादनात बटाटा ५६२ लाख टन व कांदा २६६ लाख टन होता. हे दोन वजा केले तर उरलेल्या भाज्या दरडोई दररोज सुमारे २३५ ग्रॅम राहतात. त्यातून नासाडी वजा करावी लागते. भाजीपाल्याची ३० ते ४० टक्के नासाडी होते असे सर्रास लिहिले जाते. लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेने (सिफेट) प्रत्यक्ष मोजणी करून २०१५ मध्ये दिलेले आकडे एवढे मोठे नाहीत. टोमॅटोत १२.४४ टक्के, फ्लॉवरमध्ये ९.५६ टक्के, कोबीत ९.३७ टक्के, कांद्यात ८.२ टक्के. तरीही दर आठ क्रेटमागे एक टोमॅटोचे क्रेट वाया जाते. ते बहुधा शेतकऱ्याच्याच खर्चाने जाते, हे लक्षात घ्यावे.

म्हणजे बटाटा व कांदा यांची रास मोठी आहे; हिरव्या भाज्या, शेंगभाज्या व वेलवर्गीय भाज्या अजून कमीच पडतात. मागणीही वाढती आहे. केंद्र शासनाच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी भाजीपाल्यावर ५.३८ टक्के, तर तृणधान्यांवर ४.९१ टक्के खर्च आढळला (रेशनवरील मोफत धान्य यात मोजलेले नाही). १९९९-२००० मध्ये ग्रामीण भागात तृणधान्यांवर २२ टक्के खर्च होत असे. खेड्यातील माणूसही आता धान्यापेक्षा भाजीला जास्त पैसे मोजतो. गिऱ्हाईक आहे, प्रश्न गिऱ्हाईक असताना आपल्याकडे माल असण्याचा आहे.

खड्डा कोणत्या महिन्यात पडतो

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बहुतेक भाज्यांना मानवतो. थंडी असते, विहिरींना पाणी असते, रोगकिडी कमी असतात. म्हणून टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, वांगी, मेथी, पालक हे सर्व एकदम बाजारात येते. यात कोणाची हुशारी नाही की कोणाचा दोष नाही. हवामानच तसे आहे.

टोमॅटोच्या बाबतीत देशात जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे कमी आवकेचे महिने असतात. कारण सरळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तोडणी हवी असेल तर पीक मे-जूनमध्ये फुलावर असले पाहिजे. दिवसाचे तापमान ३८ अंशांच्या पुढे व रात्रही उष्ण असली म्हणजे टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फुले गळतात, फळधारणा होत नाही. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. म्हणजे तेव्हा टोमॅटोला मिळणारा भाव हा आपल्याला न जमणाऱ्या कामाचा भाव आहे. तो पाहून मोहात पडू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कमतरतेत मात्र आपल्याला वाव आहे. त्यासाठी रोपवाटिका जुलैमध्ये मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीखाली करून ऑगस्टमध्ये पुनर्लागवड करावी लागते आणि परतीच्या पावसाची जोखीम पत्करावी लागते.

२०२३ साल सर्वांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी जुलैमध्ये टोमॅटो किरकोळीत शंभर रुपये किलोच्या पुढे, काही शहरांत दोनशेपर्यंत गेला. केंद्र शासनाने नाफेड व एनसीसीएफमार्फत टोमॅटो खरेदी करून दिल्लीत सवलतीच्या दराने विकला. हे भाव पाहून राज्यभर लागवडी झाल्या आणि सप्टेंबर उजाडताच भाव असे कोसळले की, नाशिक भागात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्याकडेला ओतला. भाव वाढला तेव्हा ज्याच्याकडे माल होता त्याने लागवड मार्च-एप्रिलमध्ये केली होती. भाव पाहून लागवड करणाऱ्याच्या पदरी नंतरचा भाव पडला. टोमॅटोला लागवडीपासून पहिल्या तोडणीपर्यंत दोन-अडीच महिने लागतात, आणि एवढ्या अवधीत भाव जागेवर राहात नाही. कांद्यातही असेच होते. त्यातच डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात निर्यातबंदी राहिली. तिच्यासारखा निर्णय केव्हा येईल, याचा अंदाज शेतकऱ्याला बांधावर बसून करता येत नाही.

पुरवठा थोडा वाढला तरी भाव इतका का पडतो, हेही समजून घ्यावे. स्वस्त झाली म्हणून कोणतेही घर दुप्पट भाजी खात नाही आणि उरलेली भाजी पुढच्या महिन्यासाठी ठेवता येत नाही. समजा, एका बाजाराची रोजची गरज शंभर क्रेट आहे. एखाद्या दिवशी एकशे वीस क्रेट आले, तर वरचे वीस क्रेट खपविण्यासाठी सर्वच क्रेटचा भाव खाली आणावा लागतो. नव्वद आले तर उलट होते. गाडीभाडे, हमाली, तोलाई, क्रेटचे भाडे हे खर्च मात्र भाव कोणताही असो तेवढेच राहतात. म्हणून भावातील सर्व घसरण शेतकऱ्याच्या वाट्याला येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहकाने दिलेल्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे व बटाट्यात ३७ पैसे आढळला. हा सरासरी हिशेब झाला; मंदीच्या दिवसांत तो याहून खाली जातो.

येथे पट्टीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली आणि आवारातील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. आपली पट्टी वाचावी. त्यात अडत कापलेली दिसली, किंवा वेगळ्या नावाने तेवढीच रक्कम वजा दिसली, तर विचारणा करावी. लेखी पट्टी घेतल्याशिवाय बाजार सोडू नये.

जिंतूर तालुक्यात काय करता येईल

आपल्या तालुक्यात जमीन व पाणी गावोगाव बदलते. पूर्णाकाठी खोल काळी जमीन आहे; डोंगरपट्ट्यात हलकी, मुरमाड. येलदरी धरण तालुक्यात असले तरी त्याचे कालव्याचे पाणी खाली सिद्धेश्वरमार्गे इतर तालुक्यांना अधिक मिळते. म्हणून 'जिंतूरसाठी अमुक पीक' अशी सरसकट शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते यावरून निवड करावी.

ज्यांची विहीर जानेवारीत तळ गाठते त्यांनी पावसाळी भाजीवर भर द्यावा. या दिवसांत बाजारात आवक कमी असते, कारण पावसाने माल खराब होतो व तोडणी अडते. भेंडी, गवार, मांडवावरील दोडका व कारले ही पिके निचऱ्याच्या हलक्या-मध्यम जमिनीत चांगली येतात. ज्या डोंगराळ जमिनीला आपण कमी लेखतो, तीच येथे उपयोगी पडते. काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये वाफशाची वाट पाहण्यातच तोडणी निघून जाते. वेल जमिनीवर सोडू नयेत. मांडवाचा खर्च पहिल्या वर्षी जड वाटतो, पण जमिनीला टेकलेला दोडका वाकडा व डागाळलेला निघतो आणि त्याला निम्माही भाव मिळत नाही. खरीप कांदा घ्यावयाचा असल्यास बसवंत ७८०, ॲग्रीफाउंड डार्क रेड, भीमा सुपर यांसारखे खरिपाचेच वाण घ्यावे आणि गादीवाफ्यावर लागवड करावी. रब्बीचे वाण खरिपात लावल्यास पात वाढते व कांदा पोसत नाही.

ज्यांचे पाणी मार्चपर्यंत पुरते, त्यांची अडचण सर्वांत मोठी आहे. त्यांचा हंगाम नेमका देशभराच्या सुगीचा असतो. त्यांनी टोमॅटो-फ्लॉवरखाली मोठे क्षेत्र गुंतवू नये. त्याच दिवशी विकण्याची सक्ती नाही अशी पिके, उदाहरणार्थ रब्बी कांदा व लसूण, घ्यावीत. जालना भागातील कंपन्यांसाठी भाजीपाला बीजोत्पादनाचाही विचार करावा. मात्र करार लेखी असावा. त्यात भाव, उगवणीची अट व पैसे मिळण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली असावी.

येलदरीच्या फुगवट्यालगत, नदीकाठी किंवा शेततळ्यामुळे ज्यांना मे महिन्यापर्यंत पाणी आहे, ते खरे भाग्यवान. एप्रिल ते जून या काळात गवार, भेंडी, काकडी व कोथिंबीर यांना जवळपासच्या बाजारातच मागणी असते. कोथिंबिरीला उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर उगवण नीट होत नाही. त्यासाठी धने हलके रगडून दोन भाग करावेत, बारा तास पाण्यात भिजवावेत व सावलीच्या जाळीखाली वाफ्यात पेरावेत. जाळीचा खर्च निघण्यासाठी एका उन्हाळ्यात त्याच वाफ्यांत दोन-तीन वेळा पेरणी झाली पाहिजे. एका वेळी दोन-तीन गुंठ्यांहून अधिक कोथिंबीर पेरू नये. तिच्या भावाचा भरवसा चार दिवसांचाही नसतो, आणि वाढलेली जुडी शेतात थांबत नाही.

टप्प्याटप्प्याने लागवड

वरील सर्व प्रकारांत एक पद्धत समान ठेवावी. ज्याला एक एकर भेंडी करावयाची आहे त्याने चाळीस गुंठे एकाच दिवशी टोकू नयेत. दहा-दहा गुंठ्यांचे चार तुकडे करून पंधरा ते वीस दिवसांच्या अंतराने लावावे. भेंडीची तोडणी ४५ ते ५० दिवसांनी सुरू होऊन पाच-सहा आठवडे चालते. एकाच वेळी लावल्यास सर्व माल त्या पाच-सहा आठवड्यांच्या भावावर अवलंबून राहतो. चार टप्पे केल्यास बाजारात आपण तीन महिने राहतो. त्यात काही आठवडे मंदीचे तर काही तेजीचे येतात. घरच्या माणसांवर तोडणी भागते हा आणखी एक लाभ आहे. दर दोन-तीन दिवसांनी एक एकर भेंडी तोडण्यास मजूर मिळवणे आज किती कठीण आहे, ते आपण जाणताच. मजूर न मिळाल्याने एक तोडा चुकला की फळे जून होतात आणि पुढची फुले धरत नाहीत.

टप्प्याच्या लागवडीत एक तोटाही आहे, तो सांगितलाच पाहिजे. जुन्या तुकड्यावरील पांढरी माशी नव्या कोवळ्या तुकड्यावर येते आणि हळद्या लवकर पसरतो. म्हणून नवा तुकडा वाऱ्याच्या वरच्या बाजूस घ्यावा, मध्ये मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन ओळी लावाव्यात, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि रोगट झाड दिसताच उपटून जाळावे किंवा पुरावे. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीपासून करावी. रासायनिक औषध फवारावेच लागले तर लेबलवर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी पाळावा. दोन दिवसाआड तोडणी असलेल्या पिकात तो पाळणे अवघड जाते, हे खरे आहे. म्हणून फळे लागण्यापूर्वीच किडीचा बंदोबस्त करण्यावर भर द्यावा.

खरिपासाठी ६० बाय ३० सेंटिमीटर आणि उन्हाळ्यासाठी ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावे. त्यातील अर्धे नत्र लागवडीच्या वेळी व उरलेले महिनाभराने द्यावे. माती परीक्षण केले असल्यास त्याप्रमाणे बदल करावा. तोडणी सकाळी उन्हापूर्वी करावी. फळे सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवावीत, पण पोत्यात ओली भरू नयेत; ती काळी पडतात.

पहिल्या हंगामापासून एक वही घालावी. त्यात दर आठवड्याला जिंतूर व परभणी येथील चार-पाच भाज्यांचा भाव लिहावा. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव मिळतात, घरातील शिकलेली मुले ते मोबाईलवर पाहून देतील. दोन वर्षांची अशी वही झाली म्हणजे आपल्या बाजारातील खड्डा कोणत्या आठवड्यात पडतो ते दिसू लागते. तेथून पिकाचा कालावधी मागे मोजला की लागवडीची तारीख मिळते. उदाहरणार्थ, भेंडीचा भाव दोन्ही वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चढलेला दिसला, तर पेरणी जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत झाली पाहिजे. पाऊस लांबल्यास ती ठिबकवर किंवा एका संरक्षित पाण्यावर करावी लागेल. तेवढ्यापुरते दहा गुंठ्यांचे पाणी राखून ठेवावे.

बियाण्याविषयी शेवटी थोडे. संकरित भेंडीचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. परभणी क्रांतीसारखे सरळ वाण असल्यास बियाणे घरी धरता येते. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही भेंडीच्या शेतापासून किमान २०० मीटर अंतरावर थोडी झाडे राखावीत, कारण भेंडीत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागीभवन होते. हळद्याचा मागमूस नसलेली झाडे निवडून त्यांना खुणेची चिंधी बांधावी. त्यांची सुरुवातीची दोन-तीन फळे भाजीसाठी तोडून पुढील फळे वाळेपर्यंत झाडावर ठेवावीत. शेंग तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागली की काढावी, बी सावलीत वाळवावे व कोरड्या डब्यात ठेवावे. पेरणीपूर्वी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तरच्या खाली आल्यास ते बियाणे वापरू नये.